नकाशातील कोरी जागा

वाळवंटाचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा नकाशा समोर पसरून बसणे, हा वरकरणी रिकामटेकड्या माणसाचा छंद वाटेल. जिथे पाऊस नाही, पीक नाही, वस्ती विरळ, त्या भूमीच्या नकाशात पाहायचे तरी काय? परंतु वाळवंटाचा एक स्वभाव आहे. आपल्या हिरव्या मुलुखात एखादे गाव उठले तर दोन-तीन पावसाळ्यांतच त्याच्या जोत्यांवर झाडोरा माजतो आणि पाऊलखुणा पुसून जातात. वाळवंट मात्र काही कुजू देत नाही. ते वाळूची चादर ओढून सारे झाकून ठेवते. ती चादर नेमकी कुठे उचलायची हे सांगण्याचे काम जुने नकाशे करतात.

अशाच एका वाळवंटी खोऱ्याची ही कथा आहे. कथेच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो केवळ भूगोलाचा नाही. जे लिहून ठेवले गेले नाही त्याची जबाबदारी कोणाची? विसरणे हा केवळ मनाचा दुबळेपणा, की त्याचा भार विवेकबुद्धीवरही पडतो?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व भागात ओवेन्स नावाचे लांबट, अरुंद खोरे आहे. पश्चिमेला सिएरा नेवाडाची उत्तुंग रांग, पूर्वेला इन्यो पर्वत. समुद्रावरून येणारे ढग सिएराच्या पश्चिम उतारावरच रिते होतात. सह्याद्रीच्या पलीकडे आपल्याकडे जसा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, तसाच हा, पण कितीतरी पटींनी कोरडा. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा इंच पाऊस. तरीही हे खोरे अगदीच निर्जल नव्हते. शिखरांवरचे बर्फ वितळून अनेक ओढे खाली उतरत, ओवेन्स नदीला मिळत आणि ती नदी दक्षिणेला एका विस्तीर्ण खाऱ्या सरोवरात विसावत असे.

अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्याने १८८४ पासून आपल्या देशाचे स्थलनिर्देशक नकाशे पद्धतशीर काढायला आरंभ केला. त्या जुन्या पत्रकांपैकी पावणेदोन लाखांहून अधिक पत्रके २०११ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांना विनामूल्य खुली झाली आहेत. त्यांत १९०७ साली प्रसिद्ध झालेले ‘माउंट व्हिटनी’ नावाचे एक पत्रक आहे. प्रमाण एकास सव्वा लाख, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या सव्वा किलोमीटरएवढा. शाळेत भूगोल शिकलेल्या कोणालाही ती भाषा परकी वाटणार नाही. उंचसखलपणा सांगणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, माणसाने केलेले ते काळे. पर्वताच्या बाजूला रेषा अशा दाटीने बसतात की कागद तपकिरी दिसावा. खोऱ्यात उतरताच त्या एकमेकींपासून लांब जातात आणि कागद मोकळा होतो.

या पत्रकावर इंडिपेन्डन्स आणि लोन पाइन या दोन गावांच्या दरम्यान आज आपण मॅन्झनार म्हणून ओळखतो ते ठिकाण येते. पण १९०७ मध्ये तिथे मॅन्झनार नव्हते. ते गाव वसले १९१० मध्ये. तेव्हा नकाशाने काही लपवले असे कोणी म्हणणार नाही. जे नव्हतेच ते तो कसे दाखवील?

तरी जरा थांबून पाहावे. ज्या जागी १९१० पूर्वी गाव नव्हते, ती जागा खरोखरच रिकामी होती काय?

मॅन्झनारच्या दक्षिणेस ‘जॉर्जेस क्रीक’, म्हणजे जॉर्जचा ओढा, या नावाचा एक प्रवाह आहे. हा जॉर्ज कोणी गोरा वसाहतवाला नव्हता. तो पायूट नावाच्या आदिवासी समाजाचा एक पुढारी होता. गोऱ्यांनी त्याला दिलेले नाव ओढ्याला चिकटले. पायूट लोक या खोऱ्यात शतकानुशतके राहत आले होते आणि आपल्या भाषेत याला वाहत्या पाण्याची भूमी म्हणत होते. खोऱ्याच्या उत्तर भागात त्यांनी ओढ्यांना बांध घालून मैलोन्‌मैल पाट काढले होते आणि त्या पाण्यावर रानातले कंद ते वाढवीत. गुरे घेऊन गोरे पशुपालक १८६१ च्या सुमारास आले, गुरांनी ती कुरणे फस्त केली आणि संघर्ष पेटला. १८६३ च्या उन्हाळ्यात सैन्याने सुमारे हजारभर पायूट स्त्री-पुरुष-मुलांना हाकत दूर दक्षिणेकडील तेहोन किल्ल्यावर नेले. वाटेत काही मेले, काही निसटले. पुढे अनेक जण परत आले. पण ज्या जमिनीचे ते धनी होते तिच्यावर आता त्यांना मजुरी करावी लागली. १८६४ मध्ये जॉन शेपर्ड नावाच्या वसाहतवाल्याने तिथेच १६० एकर सरकारी जमीन घेऊन घर बांधले. त्याचेही नाव एका ओढ्याला मिळाले.

एका ओढ्याला विस्थापिताचे नाव आणि शेजारच्या ओढ्याला त्याच्या जागी आलेल्याचे. नकाशा ही दोन्ही नावे सारख्याच निळ्या रेषेजवळ, सारख्याच अक्षरांत लिहितो. त्या दोन नावांमध्ये काय घडले, ते लिहिण्यासाठी त्याच्याजवळ रंग नाही.

आता पुढचे पान. १९०५ मध्ये शेपर्डची जमीन जॉर्ज चॅफी या पाटबंधाऱ्यांच्या जाणकार उद्योजकाने विकत घेतली. १९१० मध्ये तिचे तुकडे पाडून नवे गाव वसवण्यात आले. मॅन्झनार हा स्पॅनिश शब्द, अर्थ सफरचंदाची बाग. नाव सार्थ ठरले. सफरचंद, पेअर, पीच यांच्या बागा बहरल्या. पाट, शाळा, दुकान, सभागृह झाले. १९२० च्या सुमारास तिथे सुमारे पाच हजार एकर जमीन लागवडीखाली होती.

पण त्याच १९०५ साली आणखी एक व्यवहार सुरू झाला होता. तीनशे-साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला लॉस एंजेलिस शहर तहानलेले होते. १९०० मध्ये एक लाखाच्या घरात असलेली त्याची लोकसंख्या १९१० मध्ये तीन लाखांवर गेली आणि १९३० मध्ये बारा लाखांपलीकडे. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी खोऱ्यात जमिनी व पाण्याचे हक्क घ्यायला आरंभ केला, तेव्हा अनेक शेतकऱ्यांची समजूत होती की हे सारे केंद्र सरकारच्या सिंचन योजनेसाठीच चालले आहे. समजूत खोटी ठरली. अभियंता विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली ३७५ किलोमीटर लांबीचा जलवाहिनीमार्ग बांधला गेला आणि ५ नोव्हेंबर १९१३ रोजी ओवेन्स नदीचे पाणी शहराजवळ पोहोचले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ उताराच्या बळावर. अभियांत्रिकीचे ते एक आश्चर्यच. १९२० नंतर शहराला आणखी पाणी हवे झाले आणि खोऱ्यातील शेतीच विकत घेतली जाऊ लागली. १९२४ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी जलमार्गाला सुरुंग लावला. त्याच वर्षी काही दिवस त्यांनी त्याचे दरवाजे उघडून पाणी पुन्हा नदीत सोडले. उपयोग झाला नाही. १९२९ पर्यंत मॅन्झनारची सारी जमीन व सारे पाणी शहराच्या मालकीचे झाले आणि पुढच्या पाच वर्षांत गाव उठले. दक्षिणेचे ते विशाल सरोवर १९२० नंतरच्या दशकातच कोरडे पडले आणि त्याच्या तळाची खारी धूळ वाऱ्यावर उडू लागली. शतकाच्या आरंभीच्या नकाशात जिथे निळा रंग होता, तिथे उरली ती पांढरी जमीन.

इथे पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर वाटते तेवढे सोपे नाही. शहराने जमीन लुटली नाही; विकत घेतली. विकणाऱ्यांनी सह्या केल्या, पैसे घेतले. शिवाय शहरातही माणसेच राहत होती. लाखो घरांतल्या मुलांना पाणी पाजणे हे पुण्यच नव्हे काय? राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये शहराचीच बाजू घेतली ती याच विचाराने. थोड्यांच्या बागांपेक्षा अनेकांची तहान मोठी, हा त्यांचा युक्तिवाद होता.

या ठिकाणी नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपण ती गोष्ट सांगताना ईजबेल राणीचे कपट आणि नाबोथाचा वध यांवर भर देतो. तिचा आरंभ मात्र विसरतो. अहाब राजा आधी तलवार घेऊन आला नव्हता. त्याने रोख किंमत देऊ केली, नाही तर बदल्यात याहून चांगला मळा देऊ केला. बाजाराच्या न्यायाने तो सौदा वाजवीच होता. नाबोथाने नकार दिला तो किंमत कमी म्हणून नव्हे. वाडवडिलांचा वारसा ही विकण्याची वस्तू नव्हे, म्हणून. राजाला जे समजले नाही ते हे, की काही गोष्टींना किंमत असते पण त्यांचे मोल त्या किमतीत मावत नाही.

मॅन्झनारमध्ये कोणाचा वध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बहुतेकांनी स्वखुशीने विकले, काहींना चांगला पैसाही मिळाला. परंतु स्वखुशी या शब्दाकडेही जरा निरखून पाहावे. एका पाटावर दहा शेते असतात. त्यांतली सहा शहराने घेतली की उरलेल्या चौघांच्या पाटाचे काय होणार? दुकानदाराचे गिऱ्हाईक गेले, शाळेतली मुले गेली, पाटाच्या दुरुस्तीला हात उरले नाहीत. अशा वेळी सातवा शेतकरी जी सही करतो तिला कायदा संमती म्हणतो. विवेकबुद्धी तिला तेच नाव देईल का? आणि ज्यांच्याजवळ विकायला काहीच नव्हते त्यांचे काय? बागांत राबणारे पायूट मजूर त्या व्यवहाराच्या कोणत्याही कागदावर नव्हते, तरी त्यांची रोजी त्या व्यवहाराबरोबरच गेली. तहान भागवणे हे पुण्य आहेच. पण ज्याच्या घड्यातून पाणी घेतले त्याच्या घराकडे पाठ फिरवण्याचा परवाना त्या पुण्याने मिळत नाही.

कथा इथे संपली असती तर ती एका उठलेल्या गावाची कथा ठरली असती. जगात अशी गावे पुष्कळ. परंतु मॅन्झनारचे पुढचे पान अधिक काळे आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडावी लागली. त्यांतील दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. कोणावर आरोप नाही, खटला नाही. त्यांना ठेवायचे कुठे? सरकारला हवी होती दूरची, एकाकी, मोकळी जागा, जिथे पाणी असेल आणि रस्ता असेल. दहा ठिकाणे निवडण्यात आली. त्यांपैकी एक होते मॅन्झनार.

ही जागा मोकळी होती, कारण ती मोकळी करण्यात आली होती. पाणी विकत घेऊन शहराने शेतकऱ्याला घालवले नसते, तर १९४२ मध्ये तिथे फळबागा आणि शाळा असती. आणि नांदत्या गावात कोणी छावणी घालत नाही. त्याआधी सैन्याने पायूटांना हाकलले नसते, तर शेतकऱ्यालाही ती भूमी कोरी सापडली नसती. एका अन्यायाने केलेली रिकामी जागा दुसऱ्या अन्यायाला सोयीची ठरली. या खोऱ्याचे नकाशे एकापुढे एक मांडल्यावर जी गोष्ट ध्यानात येते ती हीच: रिकामी जागा आपोआप रिकामी होत नाही. तिला कोणीतरी रिकामी केलेले असते. आणि ते विसरले गेले की तीच जागा पुढच्या अपराधासाठी आयती मिळते.

छावणीचे वर्णन थोडक्यात करावे. काटेरी तारांचे कुंपण, आठ पहारा-बुरूज, छत्तीस विभाग, लाकडी फळ्यांवर डांबरी कागद ठोकलेल्या पाचशेच्या वर बराकी. वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या एका खोलीत आठ माणसे. फळ्यांच्या फटींतून वाळू आत येई आणि सकाळी पांघरुणावर तिचा थर असे. एका वेळी दहा हजारांवर माणसे तिथे होती. ६ डिसेंबर १९४२ च्या दंगलीत पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी दोन तरुण मरण पावले. साडेतीन वर्षांत सुमारे दीडशे जणांनी तिथे देह ठेवला. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी बंद झाली.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगायला हवी. त्या दहा हजारांत कॅथलिकही होते. मेरीनोल संस्थेचे धर्मगुरू तिथे त्यांची सेवा करीत आणि जपानी वंशाच्या मेरीनोल धर्मभगिनी त्यांच्यासोबत राहत होत्या. एका साध्या बराकीत त्यांचे चर्च होते. प्रख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत ते दिसते. छावणीत अनाथ मुलांसाठी ‘बालग्राम’ होते. तिथे एकूण शंभरावर मुले राहिली आणि लॉस एंजेलिसच्या मेरीनोल अनाथगृहातील मुलेही त्यांत होती. ज्यांना आईबाप नाहीत अशा बालकांपासून राष्ट्राला कोणता धोका होता, हा प्रश्न आज कोणीही विचारील. तेव्हा तो फार थोड्यांनी विचारला.

आणि स्मशानभूमीतला तो पांढरा स्तंभ. ऑगस्ट १९४३ मध्ये रिओझो काडो नावाच्या कुशल गवंड्याने तो उभारला. हा गवंडी कॅथलिक होता. खर्चासाठी छावणीतल्या कुटुंबांनी प्रत्येकी पंधरा सेंट दिले. स्तंभावरची जपानी अक्षरे एका बौद्ध धर्मगुरूंनी लिहिली. आत्म्यांना सांत्वन देणारा स्तंभ, असा त्यांचा अर्थ. अन्य धर्मांविषयीचे आपले प्रसिद्ध घोषणापत्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये काढले. त्याच्या बावीस वर्षे आधी, कुंपणाच्या आत, एका कॅथलिकाच्या थापीने आणि एका बौद्धाच्या लेखणीने मृतांसाठी एकच प्रार्थना सिमेंटमध्ये घडवली होती. दुःखाने काही वेळा माणसांना ते शिकवलेले असते, जे परिषदांना सावकाश शिकावे लागते.

आता पुन्हा नकाशाकडे येऊ. सर्वेक्षण रोज होत नाही. एका पत्रकाचे नवे रूप निघायला त्या काळी कित्येक दशके जात. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या फटीत तीन-साडेतीन वर्षांचे, दहा हजार माणसांचे गाव सहज पडू शकते आणि कागदावर एक ठिपकाही उमटत नाही. आता आपला मूळ प्रश्न विचारता येईल. ही चूक कोणाची?

पवित्र मिस्साच्या आरंभी आपण जी पापांची कबुली देतो, तिच्यात केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख असतो. तो शब्द उच्चारताना आपण बहुधा घाईत असतो. चोरी, असत्य, क्रोध ही पापे आठवतात, कारण त्यांना घटना असते, दिवस असतो. न केलेल्या गोष्टीला तारीख नसते. ती नकाशातील कोऱ्या जागेसारखी असते. तिच्याकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून ती नाहीच असे वाटते.

पण म्हणून नकाशा काढणाऱ्याला दोषी धरावे काय? मला तसे वाटत नाही. उन्हातान्हात दुर्बीण व साखळी घेऊन डोंगर चढणारा तो मोजणीदार आपले काम चोख करीत होता. त्याने ओढ्याची वळणे खरी काढली, शिखरांची उंची खरी मोजली. प्रत्येक नोंदीला मर्यादा असतात आणि मर्यादा म्हणजे असत्य नव्हे. दोष सुरू होतो तो नकाशा वाचणाऱ्यापाशी. ‘इथे काही लिहिलेले नाही’ हे विधान खरे असते. ‘म्हणजे इथे कोणी नव्हते’ हे अनुमान आपले असते. त्या दोन वाक्यांच्या मध्ये जे अंतर आहे, ते तपासून पाहण्याची तसदी न घेणे, हे ते न केलेले कर्तव्य. १९४२ च्या अधिकाऱ्याला ती जागा सोयीची वाटली, कारण ती कोरी कशी झाली हे विचारण्याचे त्याला कारणच दिसले नाही.

या कथेत आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. इथे निव्वळ निर्दोष आणि निव्वळ अपराधी असे दोन गट पाडता येत नाहीत. शहराने ज्या शेतकऱ्यावर अन्याय केला, तो शेतकरी पायूटांच्या भूमीवर उभा होता. शहरातल्या ज्या सामान्य आईने नळ सोडून बाळाला पाणी पाजले, तिने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. तरीही त्या घोटात सरोवराचे पाणी होते. आद्यपापाची शिकवण आधुनिक मनाला कित्येकदा जाचते. मी न केलेल्या पापाचा डाग माझ्यावर का? ओवेन्सचे खोरे पाहिले की त्या शिकवणीतला मानवी अनुभव थोडा उमगतो. आपण अशा जगात जन्म घेतो जिथे वाटण्या आधीच झालेल्या असतात, पाणी आधीच वळवलेले असते आणि आपण पहिला घोट घेतो तो त्याच पाण्याचा. अपराध वारशाने येत नाही. पण ऋण येते. वडिलांची मालमत्ता घेणाऱ्याला त्यांचे देणेही घ्यावे लागते, हे व्यवहारात आपण सारे मान्य करतो. इतिहासाच्या बाबतीत मात्र मालमत्ता तेवढी ठेवून देणे नाकारण्याकडे आपला कल असतो.

ऋण फेडण्याचे प्रयत्न तिथे झाले, अपुरे का होईनात. १९३९ मध्ये एका अदलाबदलीने पायूटांना खोऱ्यात काही जमीन मिळाली, परंतु पाण्याच्या हक्काचा प्रश्न त्या व्यवहारात सुटला नाही. १० ऑगस्ट १९८८ रोजी अमेरिकेने कायदा करून छावण्यांतील हयात माणसांची क्षमा मागितली आणि प्रत्येकी वीस हजार डॉलर देण्याचे ठरवले. पुष्कळ जण तोवर निवर्तले होते. कोरड्या सरोवराची धूळ दाबण्यासाठी २००१ पासून शहराला त्याच्या तळावर पुन्हा पाणी सोडावे लागले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या अपराधांची जाहीर क्षमा मागितली, तेव्हा स्मृतीच्या शुद्धीविषयी पुष्कळ बोलले गेले. स्मृती शुद्ध करणे म्हणजे ती पुसणे नव्हे. जखम धुवायची तर आधी पट्टी सोडावी लागते.

मॅन्झनारमध्ये ती पट्टी सोडण्याचे काम प्रथम सामान्य माणसांनी केले. छावणी बंद झाल्यानंतर एक बौद्ध धर्मगुरू आणि एक ख्रिस्ती पाळक दरवर्षी तिथे जाऊन मृतांसाठी प्रार्थना करीत राहिले. त्यांची कोणी दखल घेत नव्हते. डिसेंबर १९६९ मध्ये तरुणांचा एक मोठा गट थंडी-वाऱ्यात तिथे गेला आणि तेव्हापासून वार्षिक यात्रेची प्रथा पडली. ३ मार्च १९९२ रोजी ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. त्यानंतर वाळू उपसताना बंदिवानांनी रचलेल्या बागा, तलाव, दगडी पूल पुन्हा वर आले. पायूटांच्या वस्तीच्या खुणा, बागाइतदारांच्या गावाचे अवशेष आणि छावणीची जोती, असे तिन्ही थर तिथे एकाच जमिनीत सापडतात. आता एका थरासाठी दुसरा खरवडून काढायचा नाही, असे तिथले जतन करणारे मानतात.

आणि नकाशा? आजच्या मोठ्या प्रमाणावरील पत्रकांना त्यांत येणाऱ्या एखाद्या ठळक ठिकाणाचे नाव देतात. या भागाच्या पत्रकाचे नाव ‘मॅन्झनार’ असेच आहे. जिथे आज एकही कुटुंब नांदत नाही, त्या ठिकाणाचे नाव साऱ्या पत्रकाच्या माथ्यावर आहे. जो कागद एके काळी त्यांच्याविषयी मौन राहिला, त्यानेच आता त्यांचे नाव धारण केले आहे.

हा सारा विचार दूरच्या देशाचा म्हणून बाजूला ठेवता येईल. पण आपल्या प्रत्येक धर्मग्रामात जुन्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आहेत आणि आपल्या घरोघरी जमिनीचे उतारे आहेत. त्यांतही कोऱ्या जागा असतील. शेतावर राबलेल्या कुळाचे नाव, विहीर खणणाऱ्याचे नाव, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव. ज्या कागदावर आपले नाव आहे, तो एकदा उजेडात धरून त्यावर कोणाचे नाव नाही हे पाहावे. ते पाहणे हे प्रायश्चित्ताचे पहिले पाऊल ठरेल. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, असे आपण मानतो. मग त्याच्या कळपातल्यांनी एकमेकांना बिननावाचे ठेवणे त्याला कसे रुचेल?

शेवटी एका झाडाविषयी. छावणीत आणलेल्या माणसांना तिथे जुनी, पाण्यावाचून सुकत चाललेली सफरचंदाची व पेअरची झाडे आढळली. ज्यांनी ती लावली त्यांना घालवून देण्यात आले होते. ज्यांना ती सापडली त्यांना बळजबरीने आणण्यात आले होते. दोघांची कधी गाठभेट नाही. तरी त्या बंदिवानांनी झाडांची छाटणी केली, आळी केली, पाणी घातले आणि ती पुन्हा फळली. त्या झाडांपैकी काही आजही उभी आहेत आणि त्यांची निगा राखली जाते. परक्याने लावलेल्या झाडाला, त्याचे नावही ठाऊक नसता, पाणी घालणे, हे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.